कोरसातला आवाज पुढे येतो तेव्हा

1958 साली ‘अल हिलाल’ नावाचा एक हिंदी चित्रपट आला. आज तो कोणाच्या लक्षात नाही, पण बुलो सी. रानी यांच्या संगीतातली त्यातली कव्वाली अजून लग्नाच्या हॉलपासून रिक्षापर्यंत कुठेही ऐकू येते. सौंदर्यवतींनी आम्हाला लुटलं, अशी तिची लाडिक तक्रार आहे. तबकडीवर नाव असायचं इस्माईल आझाद कव्वाल यांचं आणि त्यापुढे दोनच शब्द, ‘आणि पार्टी’. त्या दोन शब्दांत किती माणसं बसली होती, त्यांची नावं काय, ती कुठून आली नि पुढे कुठे गेली, याची नोंद ठेवण्याची गरज कंपनीला वाटली नाही.

त्या पार्टीच्या कोरसात वेगवेगळ्या काळी बसलेल्या दोन जणांनी मात्र आपली नोंद स्वतःच करून ठेवली. एक अझीझ नाझाँ. 1974 च्या ‘फाइव्ह रायफल्स’मधल्या त्यांच्या मद्याच्या कव्वालीने सत्तरच्या दशकात देश डोलवला. दुसरे प्रल्हाद शिंदे. महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात आषाढीच्या पहाटे भोंग्यातून पंढरीच्या वाटेचं गाणं लागतं, तो आवाज त्यांचा. एकाच फडात टाळी वाजवून, एकाच उस्तादाच्या मागे मुखडा धरून एक जण मद्याकडे गेला आणि दुसरा विठोबाकडे. या योगायोगावर एखादा चित्रपट निघायला हरकत नव्हती.

‘पॉप ग्रुप’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परदेशी चेहरे येतात. चार-पाच पोरं किंवा पोरी, एकसारखे कपडे, मग प्रसिद्धी, मग भांडण, एकाने सोडून जाणं, त्याच्या जागी नवा येणं, आणि पंधरा वर्षांनी ‘पुन्हा एकत्र’चा दौरा. पण गटात गाणाऱ्याचं आयुष्य नेमकं कसं चालतं हे समजून घ्यायला लंडनला जायची गरज नाही. कल्याण स्टेशनला उतरलं तरी पुरे. प्रल्हाद शिंदे यांचं बिऱ्हाड कल्याणात होतं, 23 जून 2004 रोजी त्यांचं निधन झालं तोवर त्यांची दोन मुलं महाराष्ट्रभर नाव कमावून बसली होती, आणि पुढच्या दहा वर्षांत नातवंडंही.

आधी पार्टी म्हणजे काय ते पाहू. मध्ये मुख्य गायक, बहुधा त्याच्याच हाताखाली पेटी. बाजूला ढोलक किंवा तबला, आणि मराठी पार्टीत हमखास बेंजो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारवाद्य. मागे कोरसवाले. त्यांचं काम फक्त मागून ‘ओढणं’ एवढंच नसतं. शेर संपून गायक पुन्हा मुखड्यावर येतो तेव्हा त्याला तिथे सूर आणि ताल दोन्ही तयार मिळाले पाहिजेत. तो वरच्या पट्टीत दमला तर कोरसाने ओळ उचलून त्याला श्वास द्यायचा. टाळी दुगुणीत कधी जायची हे गायकाच्या मानेच्या झटक्यावरून ओळखायचं. आणि सामना असेल, म्हणजे समोरच्या मंचावर दुसरी पार्टी सवाल टाकून बसली असेल, तर आपल्या गायकाला जवाब सुचेपर्यंत मुखडा फिरवत ठेवायचा. हे सगळं शिकवणारं विद्यालय कुठेही नाही. कोरस हीच शाळा, आणि फीऐवजी रात्रीची बिदागी मिळते, तीही इतरांपेक्षा कमी.

प्रल्हाद भगवानराव शिंदे 1933 साली सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात जन्मले. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं, कान्होपात्रेचं गाव, आणि गावकुसाचं बांधकाम करताना दरड कोसळून चोखोबा गेले तेही इथेच. पंढरपूर तिथून हाकेच्या अंतरावर. घरात भजन-कीर्तन होतं, गळा होता आणि गरिबी होती. त्या काळात अशा घरातल्या मुलाला गळ्याचा उपयोग करायचा तर मुंबईची वाट धरावी लागे. तिथे इस्माईल आझादांच्या कोरसात जागा मिळाली आणि त्यातून पुढे रेकॉर्डिंग कंपनीचा दरवाजा उघडला.

त्यांच्या गायकीत कव्वालीचा कोरस शेवटपर्यंत ऐकू येतो, हे माझं ठाम मत आहे. भजनाची चाल साधी असते. प्रल्हाद शिंदे ती साधी चाल घेतात, पण तिच्यावर कव्वालाची फेक टाकतात. शब्दाच्या सुरुवातीला जोर देतात, ओळीच्या शेवटी आवाज वर उघडा सोडतात, आणि माईक नसला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने गातात. म्हणून त्यांचं भक्तिगीत देवघरात कमी आणि मंडपात जास्त शोभतं. अभिजात भावसंगीताच्या यादीत त्यांचं नाव बरीच वर्षं उशिराने आणि हात आखडता घेऊनच आलं, त्याला हा उघडा आवाज कारण असेल आणि ते ज्या वस्त्यांतून आले त्या वस्त्याही असतील.

1956 च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात भीमगीतांच्या गायन पार्ट्यांना बहर आला. त्याआधी भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे होते, पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली. श्रावण यशवंते यांच्यासारखे गायक या पार्ट्यांतून मोठे झाले. प्रल्हाद शिंदेही याच मंचावरचे. 14 एप्रिलपासून मेअखेरपर्यंत जयंतीचे कार्यक्रम चालत, रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपत. त्याच गळ्याने त्यांनी गणपतीची, अंबाबाईची, विठ्ठलाची गाणी गायली, आणि सत्यनारायणाची कथाही गाऊन ठेवली. आज कित्येक सोसायट्यांत पूजेच्या दिवशी तीच लागते. आंबेडकरी घरातल्या गायकाच्या आवाजात सत्यनारायण ऐकणाऱ्यांना त्याची कल्पना असते की नाही, कोण जाणे. गाणारा मात्र पक्का व्यावसायिक होता. पार्टी पोसायची तर वर्षाचे बारा महिने सुपाऱ्या लागतात आणि जयंतीचा हंगाम दीड महिन्यांचा.

आता कल्याणच का? लिहून ठेवलेलं कारण नाही, पण नकाशा बघितला की माझ्यापुरता उलगडा होतो. 1854 साली रेल्वे कल्याणला पोहोचली आणि पुढे इथूनच लोहमार्ग दोन दिशांना फुटला. एक कसाऱ्यावरून नाशिक, खानदेश, विदर्भाकडे आणि दुसरा कर्जतवरून पुणे, सोलापूरकडे. पेटी, ढोलक, बेंजो आणि सात-आठ माणसं घेऊन फिरणाऱ्याला याहून सोयीचा पत्ता नाही. दादरपेक्षा भाडं कमी, आणि रेल्वे कामगारांच्या, गिरणी-कारखान्यांतल्या मजुरांच्या वस्त्या आजूबाजूला असल्याने श्रोता आणि कोरसवाला दोन्ही शेजारीच मिळणार. तिकडे डोंबिवलीत शास्त्रीय मैफली आणि नाट्यसंगीताचे वर्ग भरत होते, ठाण्यात 1978 साली गडकरी रंगायतन उभं राहिलं. कल्याणच्या चाळींतलं हे गाणं त्या सभागृहांपासून काही मिनिटांच्या लोकलवर होतं, पण त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचित दिसायचं.

गटात गाणाऱ्यांचा सगळ्यात अवघड प्रश्न असतो, गटाचं नाव कोणाच्या मालकीचं? त्यावर सगळं ठरतं. पोर्तो रिकोमधला ‘मेनुदो’ हा मुलांचा गट 1977 मध्ये एडगार्डो डियाझ या व्यवस्थापकाने काढला. त्याचा नियम असा की मुलगा सोळाच्या आसपास गेला की बाहेर, त्याच्या जागी नवा लहान मुलगा. रिकी मार्टिन 1984 मध्ये असाच कोणाच्या तरी जागी आला. नाव मालकाचं, मुलं बदलती. ब्रिटनच्या ‘शुगाबेब्ज’चं तर आणखी विचित्र झालं. 1998 साली तीन मुलींनी सुरू केलेल्या गटातून एकेक करत 2009 पर्यंत तिघीही बाहेर पडल्या, आणि त्यांच्या जागी आलेल्या तिघी त्याच नावाने गात राहिल्या. मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना आपल्याच गटाचं नाव वापरता येईना. 2012 मध्ये त्यांनी स्वतःची पहिली नावं जोडून गट काढला, आणि मूळ नाव हाती यायला 2019 उजाडलं.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. न्यूझीलंडमध्ये 1999 साली ‘पॉपस्टार्स’ नावाचा कार्यक्रम निघाला, मुली निवडायच्या, गट बनवायचा आणि बनवताना सगळं टीव्हीवर दाखवायचं. 2002 मध्ये चॅनल व्हीने तो भारतात आणला आणि ‘व्हिवा’ जन्माला आला. अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्रा आणि महुआ कामत अशा पाच जणी. पहिल्या अल्बमनंतर महुआ बाहेर पडली, 2003 चा दुसरा अल्बम चौघींनी केला, आणि थोड्याच काळात गट विरला. याच कार्यक्रमातून दुसऱ्या वर्षी निघालेल्या ‘आस्मा’ या गटाचंही तेच झालं. या गटांतल्या मुली गायला कमी होत्या असं मुळीच नाही. नेहा भसीन पुढे चित्रपटसंगीतात नावारूपाला आली, ‘आस्मा’तल्या नीती मोहनला 2013 मध्ये फिल्मफेअरचा आर. डी. बर्मन पुरस्कार मिळाला. उलट अडचण अशी की त्या सगळ्याच एकट्याने गाण्याच्या लायकीच्या होत्या. पाचही जणी मुख्य गायिका, मागे कोणीच नाही, आणि त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे एक करार आणि एक वाहिनी. वाहिनीचा रस संपला, गट संपला.

कव्वाली पार्टीत हा तिढा फार सरळ सोडवलेला असतो. नाव मुख्य गायकाचं. तो आहे तोवर पार्टी आहे. कोरसातला कोणी सोडून गेला तर बातमी होत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरा बसतो. आणि कोरसातल्या एखाद्याचा गळा धन्यापेक्षा मोठा निघाला तर तो धन्याचं नाव मागत नाही, स्वतःच्या नावाची पार्टी काढतो. झाडाची फांदी लावून नवं झाड करावं तसा हा वंश वाढतो. इस्माईल आझादांच्या मागून अझीझ नाझाँ आणि प्रल्हाद शिंदे निघाले ते याच रीतीने. यात न्याय आहे असं मी म्हणणार नाही. ‘आणि पार्टी’मधली बाकीची माणसं निनावी गेली, रॉयल्टी वगैरे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. पण गाण्याची विद्या टिकवायला ही रीत टीव्हीपेक्षा भक्कम ठरली, एवढं नक्की.

शिंदे घराण्याने त्यात आणखी एक भर घातली. नवा कोरस बाहेरून आणण्यापेक्षा घरातच वाढवला. आनंद, मिलिंद आणि दिनकर ही मुलं वडिलांचं गाणं ऐकत वाढली. ती तरुण झाली तेव्हा बाजारही पालटला होता. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत आणि ती वाजवायला घरात फोनो लागे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तासाभराची फीत, काही हजारांत काम उरकणारा स्टुडिओ, स्टेशनबाहेरच्या टपरीवर विक्री. ज्यांना मोठ्या कंपनीने दारात उभं केलं नसतं अशा शेकडो लोकगायकांना या फितीने बाजार दिला. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं याच लाटेवर घराघरांत गेलं. सभ्य मंडळींनी नाक मुरडलं आणि वरातीत त्याच मंडळींनी ठेका धरला. आनंद आणि मिलिंद अशी जोडीने नावं छापलेल्या कॅसेटींनी हिंदीतल्या आनंद-मिलिंद या संगीतकार जोडीशी घोटाळाही करून ठेवला. ते दोघे चित्रगुप्त यांचे मुलगे, आपले कल्याणचे.

आनंद शिंदेंच्या बाबतीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कॅसेटचा जमाना बुडाला तेव्हा त्याच्याबरोबर अनेक गायक बुडाले, ते नाही. 2006 मध्ये ‘जत्रा’ आला. अजय-अतुल यांनी त्यात आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून कोंबडीचं गाणं गाऊन घेतलं, आणि त्याच चालीवर सहा वर्षांनी ‘अग्निपथ’मध्ये कतरिना कैफ नाचली. पोपटापासून कोंबडीपर्यंत जवळपास वीस वर्षं उघड्या आवाजाची मागणी टिकली, कारण तो आवाज मंडपात घडला होता.

तिसऱ्या पिढीत आनंद यांचे मुलगे हर्षद, आदर्श आणि उत्कर्ष. आदर्शचा आवाज 2013 च्या ‘दुनियादारी’तल्या देवाला जाब विचारणाऱ्या गाण्याने सगळीकडे पोहोचला. ‘पोश्टर गर्ल’ या 2016 च्या चित्रपटात बापलेकांनी एकत्र डीजेचं गाणं केलं. उत्कर्ष डॉक्टर झाला, गाणंही चालू ठेवलं, आणि 2021 मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात जाऊन आला. आजोबांच्या वेळी एखादा गायक घरोघरी माहीत व्हायला वीस वर्षांची जयंती-जत्रा लागत असे.

कल्याण-डोंबिवलीतल्या आजच्या गायक पोरांचं गणित मात्र निराळं आहे. घरच्या लॅपटॉपवर एकच जण चार वेळा गाऊन चार पट्ट्या एकमेकांवर ठेवतो आणि कोरस तयार. ऐकायला छान लागतो, बिदागीही वाचते. कार्यक्रमाच्या रात्री तोच कोरस ट्रॅकवर सुरू होतो आणि गायकाने त्याच्या मापात गायचं असतं, त्याने गायकाच्या नव्हे. सामन्यात हे चालत नाही. समोरून सवाल आला, गायक जवाब जुळवतोय, लोक शिट्ट्या मारतायत, अशा वेळी ट्रॅक आपला ठरलेल्या ठिकाणी संपून गप्प होतो. म्हणून जयंतीच्या हंगामात जुन्या पार्ट्या अजूनही मागे तीन-चार जिवंत माणसं बसवतात. त्यांचे पैसे त्याच रात्री रोख द्यावे लागतात आणि पहिल्या कसारा लोकलपर्यंत चहाही पाजावा लागतो.