रक्ताची प्रकाशापुढील जबानी

वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून कर्करोगाच्या संशयितास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, की रोटेगाव स्थानकावरून अथवा एस.टी.ने सुरू झालेली त्याची ये-जा शस्त्रक्रिया पार पडल्यावरही थांबत नाही. कारण रोग उलटला की नाही, हे रक्ताला वरचेवर विचारावे लागते.

त्याच शहरातील विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कार्बन नॅनोनलिका व विद्युतवाहक बहुवारिके यांचे संवेदक घडविण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. त्यांचा रोख मुख्यत्वे विषारी वायू आणि जड धातूंवर. रक्ताची जबानी प्रकाशाच्या साह्याने घेणारा संवेदक हा त्याच कुळातला. १८३९ मध्ये एदमों बेकरेल यांनी द्रावणात बुडविलेल्या पत्र्यांवर प्रकाश पाडून वीज निर्माण केली, तेथे त्याचे मूळ आहे.

विद्युतवाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा थर देतात. पण हे द्रव्य अतिनील किरणांनाच दाद देत असल्याने जोडीला कॅडमियम सल्फाइडचे पुंजबिंदू बसवितात, म्हणजे दृश्य प्रकाशानेही इलेक्ट्रॉन सुटे होऊन प्रवाह वाहू लागतो. सुटलेल्यांची जागा द्रावणातील ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपल्या आवळ्यातले क जीवनसत्त्वच, भरून काढते. या थरावर विवक्षित प्रथिनालाच धरणारी प्रतिपिंडे बसवून रक्तद्रव सोडला, की ते प्रथिन तेथे चिकटते, आम्लाची वाट अडते आणि प्रवाह उतरतो; किती उतरला, यावरून प्रथिनाचे प्रमाण निघते. आत जातो तो प्रकाश आणि बाहेर येते ती वीज, त्यामुळे मोजणीत एकाची दुसऱ्यात भेसळ होत नाही, आणि मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमहूनही, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाहूनही, कमी अंश पकडीत येतो.

तथापि अंश सापडणे म्हणजे रोग सापडणे नव्हे. १९६५ मध्ये गोल्ड व फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवून दिलेले सीईए हे प्रथिन विडी ओढणाऱ्याच्या रक्तातही वाढलेले आढळते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी मोजले जाणारे पीएसए हे प्रथिन तर ती ग्रंथी वयोमानाने नुसती वाढली तरी चढते. तेव्हा धडधाकट माणसाला एका आकड्यावरून भेदरवून सोडण्याचा उद्योग या यंत्राने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा सीईए तालुक्यातच मोजून मागील नोंदींशी त्याची रुजवात घालणे, हे त्याचे खरे काम.

त्यासाठी मात्र रक्तातील अल्ब्युमिनादी इतर प्रथिने थराला न चिकटतील अशी तजवीज हवी, विषारी कॅडमियमला पर्याय हवा, आणि शीतपेटीत ठेवावी लागणारी ती नाजूक प्रतिपिंडे वैजापूरच्या वैशाखात, वीज गेलेल्या दुपारीही, शाबूत राहावयास हवीत.