रोडग्याच्या पोटात रोडगा

कारंजा तालुक्यातल्या कामरगावकडे थंडीत कुणी "वावरात रोडगे आहेत, या" म्हटलं की पुढचं काही विचारायचं नसतं. रोडगे म्हणजे वांग्याची भाजी आली, तुरीचं वरण आलं आणि दुपार वावरातच जाणार हेही आलं. अख्ख्या वऱ्हाडाचा हा लाडका बेत, आणि जुनाही. सोळाव्या शतकातल्या संत एकनाथांच्या भारुडात भवानीला नवस बोलला आहे तो रोडग्याचाच.

दिसायला रोडगा म्हणजे कणकेचा गोळा. फोडला की आत दुसरा निघतो, आणि तोही दाबला की त्याच्या पाकळ्या सुटतात. यीस्ट नाही, सोडा नाही. मग हे थर सुटतात कसे?

रोडगे वळणारे हात जवळून बघा. गव्हाचं जाडसर, रवाळ पीठ, त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन, कणीक घट्ट. छोट्या पुरीवर तेलाचं बोट फिरवायचं, कोरडं पीठ भुरभुरायचं, वर दुसरी पुरी, मग तिसरी. ही चळत मोठ्या पारीत ठेवून कडा वर घ्यायच्या आणि तोंड मिटायचं. म्हणजे पारी कणकेची आणि सारणही कणकेचंच!

सगळी किमया त्या तेलाच्या बोटात आहे. पिठात पाणी पडलं की गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंफून ग्लुटेनची चिवट जाळी विणतात. दोन पुऱ्या नुसत्या दाबल्या तर त्यांच्या जाळ्या जुळून एकच जाड थर होईल. तेल त्यांना जुळू देत नाही. भाजताना कणकेतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. तिला वाट सापडते ती तेलाच्या फटीत. तिथे शिरून ती थर उचलते. बेकरीतली खारी फुलते तीही याच युक्तीने.

आता जगरा, म्हणजे रोडगे भाजायची गोवऱ्यांची आच. गोवऱ्या पेटवल्या की लगेच रोडगे टाकायचे नाहीत. जाळ बसून नुसती धग उरू द्यायची. भडक्यात टाकलेला रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा राहतो, कारण कणकेतून उष्णता फार सावकाश आत शिरते. आत ओल आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. शिजायला तेवढं पुरतं, पण वेळ द्यावा लागतो, आणि निखाऱ्यांवर साचलेली राख तो वेळ मिळवून देते. ती धग धरून ठेवते आणि बेताबेतानं सोडते. सालीतलं पाणी मात्र लवकर उडतं. कोरडी साल 140 अंशांपलीकडे तापली की प्रथिनं आणि साखर मिळून तो तांबूस रंग आणि खरपूस वास तयार करतात. साल अशी टणक, सुकी झालेली असल्यामुळे राखही तिला धरून बसत नाही. फडक्यात घोळून झटकलं की रोडगा स्वच्छ.

फ्लॅटमध्ये जगरा कुठून आणणार? ओव्हन 180 अंशांवर आधी तापवा, रोडगे लिंबापेक्षा थोडेच मोठे ठेवा आणि मधे एकदा उलटून पाऊण तासाच्या आसपास भाजा. गोवरीचा वास येणार नाही, ही उणीव मला जाणवतेच. पण थर तितकेच सुटतात, आणि घरातल्या लहानग्यांना पुऱ्यांची चळत रचायला बसवता येतं. मुलांसाठी आत मटार-बटाट्याचं सारण भरायचं तर ते परतून पार कोरडं करून घ्या; सारणाची ओल आतल्या कणकेत उतरली की ती गिच्च राहते.

साल तडकली, बोटानं टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की काढा. गरम असतानाच दोन्ही तळव्यांत धरून दाबा. भेगेतून वाफेचा झोत निघेल, पाकळ्या उघडतील. तूप तेव्हाच ओता, म्हणजे ते प्रत्येक फटीतून पार तळापर्यंत उतरेल.