वाढती शहरे आणि शेतीचे कीटक-मित्र

शहर वाढू लागले की त्याच्या कडेची शेती आक्रसते, हे सर्वांच्या नजरेस येते. परंतु त्या शेतीस साहाय्य करणारे कीटकही निराधार होतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ व २०२१ साली २३ गावे समाविष्ट करण्यात आली. शहरात आलेल्या अशा गावांतून जेथे काकडी, भोपळा, कारली यांचे मळे टिकून आहेत, तेथे हा प्रश्न थेट उत्पन्नाशी निगडित आहे.

या वेलांवर नर व मादी फुले निरनिराळी असतात. त्यांचे पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याबरोबर वाहत नाहीत. ते मुख्यतः मधमाश्यांनीच पोचवावे लागतात. मोकळ्या रानातील काकडीचे मादी फूल जेमतेम एक दिवस टिकते. तेवढ्या अवधीत मधमाश्यांच्या पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत, तर कोवळे फळ गळते अथवा वेडेवाकडे वाढते. दोष मात्र बियाण्यास किंवा खतास दिला जातो.

सातेरी, आग्या, फुलोरी व पोया या मधमाश्या परिचयाच्या आहेत. याखेरीज अनेक एकांड्या माश्या उघड्या जमिनीत बिळे करून राहतात, तर मोठा काळा भुंगा वाळलेल्या लाकडात घर करतो. अंगणात फरशी व बांधाच्या जागी भिंत आली, की त्यांचा निवारा नाहीसा होतो. फुलपाखरांचेही तसेच होय. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या नीलवंताची अळी लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर वाढते. केवळ शोभेच्या झाडांनी तिचे पोषण होत नाही.

कीटक राखले तर डास वाढतील, ही भीती अनाठायी आहे. डबक्यांत व टाक्यांत साचलेले पाणी काढून टाकावेच. परंतु जिवंत तळी बुजवू नयेत. त्यांतील चतुरांची पिले डासांच्या अळ्या खातात.

यास्तव बागायतदारांनी बांधाचा काही भाग न खणता राखावा. तेथे शेवगा, तुळस, कढीलिंब लावावा. पालापाचोळा जाळू नये. पिके फुलोऱ्यात असता कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अगदीच अपरिहार्य झाल्यास मधमाश्या परतल्यावर सायंकाळी करावी. आग्या मोहोळ जाळण्याऐवजी जाणकारांकडून हलवून घ्यावे. बांधावरची हातभर मोकळी जमीन वाया गेलेली नसते. मळ्यातील फळधारणा तिच्यावरही अवलंबून असते.