गोबर गॅसचा लोखंडी ड्रम : गंज कुठे लागतो आणि तो कसा थोपवावा



ऊस विकासाच्या कामासाठी आम्ही युसूफ वडगाव गटात वस्त्यांवर फिरतो. लागण, खोडवा, ठिबक ही बोलणी आटोपली की गोठ्याकडे नजर जाते. गोठ्यामागे गोबर गॅसची टाकी दिसते आणि तिच्यावरचा लोखंडी ड्रम कित्येकदा तांबेरा पडल्यासारखा लाल झालेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, शेणाचा गॅस आहे, आतून खातोच तो. त्याला काय करणार?"

हा समज अर्धाच खरा आहे. ड्रम मुख्यतः आतून नव्हे, बाहेरून आणि एका ठराविक पट्ट्यात सडतो. तो पट्टा सांभाळला तर ड्रम पुष्कळ वर्षं जातो. नाही सांभाळला तर पत्र्याला भोकं पडतात, गॅस उडून जातो, चूल पुन्हा पेटते आणि उसाला मिळणारी स्लरीही बंद होते. एका रंगाच्या डब्यासाठी एवढं नुकसान सोसण्यात अर्थ नाही.

थोडी माहिती

मैल्यापासून किंवा शेणापासून जळणारा वायू काढणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्याच्या टाकीतला वायू वापरात आणला होता. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या लोखंडी ड्रमचा नमुना खेडोपाडी नेला. १९८१-८२ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे ही संख्या आणखी वाढली.

या नमुन्यात विटांच्या गोल विहिरीत शेणकाला कुजतो. वर उपडा घातलेला ड्रम गॅस साठला की उचलला जातो आणि गॅस वापरला की खाली बसतो. ड्रमच्या वजनाने गॅसला शेगडीपर्यंत जाण्याइतका दाब मिळतो. पत्रा साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाड असतो. गंजाला खायला एवढीच जाडी असते, हे लक्षात ठेवावं.

गंज लागतो कसा

लोखंडाला गंजायला ओल आणि हवा दोन्ही लागतात. एक नसेल तर गंज फार सावकाश चढतो. शेणाच्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कर्बवायू आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. हा वायू लोखंडावर काळा थर धरतो. त्यालाच ओल आणि हवा मिळाली की जिवाणू त्यापासून गंधकाम्ल तयार करतात आणि ते आम्ल पत्रा खातं.

आता ड्रमचे तीन भाग पाहू.

१) शेणकाल्यात कायम बुडालेला खालचा भाग. इथे ओल आहे, पण हवा नाही. पत्रा काळा पडतो, गंज मात्र सावकाश चढतो.

२) आतली बाजू, जिथे गॅस भरलेला असतो. इथेही हवा नसते. छताला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि गंधकाचा वायूही असतो, म्हणून झीज होते. पण ती वर्षानुवर्षांची आहे.

३) बाहेरचा मधला पट्टा. ड्रम रोज वर-खाली होतो. विहिरीची भिंत आणि ड्रम यांच्या फटीत शेणकाला उघडा असतो. तो पत्र्याला लागतो, उन्हाने वाळतो, पुन्हा ओला होतो. ओल, हवा आणि गंधक तिन्ही इथे एकत्र येतात. ड्रम आधी सडतो तो याच पट्ट्यात.

लाकडी खांब जमिनीत पुरला की तो जमिनीच्या बरोबरीला कुजतो, खाली किंवा वर तेवढा नाही. तसंच हे आहे.

समुद्रावरच्या जहाजांनाही हाच त्रास आहे. शौचालयाचं पाणी वाटेल तिथे समुद्रात सोडू नये असा आंतरराष्ट्रीय नियम २००३ पासून लागू आहे, त्यामुळे जहाजांवर मैलापाणी साठवायच्या टाक्या असतात. टाकी लोखंडी असली तर पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते तिथे तिला जपावं लागतं. पत्रा कोरा करून त्यावर इपॉक्सीसारखा जाड, चिवट रंग देतात. आपल्यालाही त्याच वाटेने जायचं आहे.

दरवर्षीचं काम

कारखान्याचा हंगाम संपला, उसाची घाई सरली की एप्रिल-मे महिन्यात दोन दिवस काढावेत. त्या वेळी हवा कोरडी असते आणि रंग चांगला धरतो. पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर दिलेला रंग पापुद्रे होऊन सुटतो.

बाहेरून रंगवायला ड्रम काढावा लागत नाही. एक दिवस गॅस न वापरता ड्रम पूर्ण वर येऊ द्यावा, म्हणजे तो सडका पट्टा उघडा पडतो. मग पुढील क्रमाने काम करावं :

१) साबणाचा फेस सांधे, गॅसचा नळ आणि गंजलेल्या जागांवर लावावा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे असं समजावं. काडी पेटवून गळती कधीही पाहू नये.

२) गळती असेल तर खरवडायला लागू नये. आधी गॅस सोडून द्यावा. तो कसा सोडायचा ते पुढे दिलं आहे.

३) गळती नसेल तर वाळलेलं शेण पाण्याने भिजवून धुऊन काढावं. पत्रा ओला ठेवूनच तारेच्या ब्रशने गंज काढावा. हातोडी, छिन्नी वापरू नये. ठिणगी उडते.

४) पत्रा कोरडा झाला की पॉलिश पेपर फिरवून फडक्याने पुसावा. गंजावर रंग दिला तर गंज रंगाखाली चालूच राहतो.

५) रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा. तो वाळला की काळ्या डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. काळ्या रंगाने थंडीत ड्रम थोडा ऊनही धरतो, हा वेगळा फायदा.

६) वेल्डिंगचे सांधे, ड्रमच्या कडेचे अँगल आणि नळाचा सांधा इथे ब्रश दोनदा फिरवावा. गंज कोपऱ्यात आधी बसतो.

छतावर खोलगट जागा झाली असेल आणि पाणी साचत असेल तर तिथेही लक्ष ठेवावं.

रोजचं व आठवड्याचं काम

सकाळ-संध्याकाळ ड्रम दोन-चार फेरे फिरवावा. त्याने शेणकाल्यावरची साय मोडते आणि ड्रम अडकत नाही. आठवड्यातून एकदा बाहेरच्या पट्ट्यावर वाळलेलं शेण बादलीभर पाण्याने धुऊन टाकावं. शेणाचा पापुद्रा ओल धरून ठेवतो आणि त्याखाली पत्रा खाल्ला जातो.

काही टाक्यांना ड्रम शेणात न तरंगता भोवतीच्या वेगळ्या पाण्याच्या चरात तरंगतो. त्या चरातल्या पाण्यावर जळक्या ऑइलचा पातळ थर ठेवला तर पत्र्याला संरक्षण मिळतं. हे फक्त पाण्याच्या चरासाठी आहे. शेणकाल्यात ऑइल गेलं तर जिवाणू मरतील आणि गॅसच बंद पडेल.

ड्रम बाहेर काढायचा असेल तर

काही वर्षांनी आतूनही रंग द्यावा लागतो. लाकडी मुठीने ड्रमवर हलकं वाजवून पाहावं. पत्रा शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो, आतून खाल्ला असेल तर बद्द येतो.

या कामात जिवाचा प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के मिसळला की तो स्फोटक होतो. गॅस सोडताना शेगडीकडचा कॉक बंद करून नळ ड्रमजवळ सोडवावा आणि गॅस उघड्यावर जाऊ द्यावा. त्या दिवशी आसपास बिडी, चूल, मोटार काही चालू नको. ड्रम माणसं लावून किंवा तिकाटणं आणि चेन पुली लावून काढावा, उलटा करून पाण्याने धुवावा आणि एक-दोन दिवस उघड्यावर ठेवावा. वेल्डिंग करायचं असेल तर त्यानंतरच. टाकीवर बसलेल्या ड्रमला वेल्डिंगची कांडी कुणीही लावू देऊ नये.

उघड्या पडलेल्या विहिरीत उतरू नये. बादली पडली तरी नाही. आत प्राणवायू कमी असतो आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. तो जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. पाण्याच्या विहिरीत कंदील सोडून हवा पाहायची जुनी रीत इथे मुळीच करू नये. कुणी पडलंच तर वरून दोर टाकावा, आरडाओरडा करून माणसं जमवावीत आणि १०८ ला फोन करावा. ड्रम बाहेर असेपर्यंत विहिरीवर फळ्या टाकाव्यात, कारण घरात लेकरं असतात.

नवीन बांधणाऱ्यांसाठी

ज्यांना नव्याने गोबर गॅस बांधायचा आहे त्यांनी लोखंडी ड्रमचा हट्ट धरू नये. १९८४ मध्ये आलेल्या दीनबंधू नमुन्यात विटांचाच घुमट असतो. लोखंडी ड्रम नाही, म्हणून ड्रमच्या गंजाची काळजीही नाही. मात्र घुमटाला चीर पडू नये म्हणून गवंडी जाणता हवा. जुनी विहीर चांगली असून फक्त ड्रम गेला असेल तर फायबरचा ड्रम बसवता येतो. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी.

शेवटी उसाचं. गोबर गॅसमधून शेणाचं खत वाया जात नाही, गॅस मिळून खतही हाती राहतं. वाळलेल्या स्लरीत साधारण दीड टक्का नत्र असतं. रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरांचं शेण, टाकलं तर दोन घनमीटर गॅस मिळतो आणि सरीत सोडायला स्लरीही मिळते. ड्रम सडला की दोन्ही थांबतात.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या दारी लोखंडी ड्रम आहे त्यांनी तो पट्टा एकदा नीट पाहावा. ड्रम काढायचा असेल तर आधी आमच्या गट कार्यालयात कळवावं. आमचा माणूस येऊन पाहील, मगच दोर लावावा.

— ऊस विकास अधिकारी