मशीन अडलं की तळापासून बघा

केळव्याच्या किनाऱ्यालगत पर्यटकांना राहायला देणारी बरीच घरं आहेत. अशा घरात एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकलं, की एकाच पेटीत तीन-चार व्हर्च्युअल मशीन सहज चालतात. एकावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, दुसऱ्यावर बुकिंगचा हिशेब, तिसऱ्यावर घरच्यांचे फोटो. प्रॉक्समॉक्सची पहिली आवृत्ती २००८ साली व्हिएन्नातून आली. ती डेबियन लिनक्सवर उभी आहे, आणि मशीन चालवण्याचं खरं काम लिनक्सच्या कर्नलमधलं केव्हीएम करतं. सगळं सुरळीत असतं तोवर या पेटीकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस कॅमेऱ्यांचं मशीन सुरूच होत नाही.

अशा वेळी बहुतेकांचा हात थेट त्या मशीनच्या आतली फाइल सिस्टिम दुरुस्त करण्याकडे जातो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. मशीनला जी डिस्क दिसते ती खरी नसते. तळाला वीज असते, तिच्यावर केबल आणि खरी डिस्क, मग साठवणुकीचा पूल, पुलातून काढून दिलेली आभासी डिस्क, आणि सगळ्यात वर मशीनची फाइल सिस्टिम. खालचा थर बिघडलेला असताना वर दुरुस्ती चालवली, तर दुरुस्तीचा प्रोग्राम चुकीचं वाचलेलंच खरं मानतो आणि त्याच्या आधारावर नवं लिहून टाकतो. म्हणून तपास खालून वर करायचा.

पहिला प्रश्न विजेचा. जवळच्या तारापूरच्या अणुकेंद्रातून १९६९ पासून वीज निघते, पण ती ग्रिडमध्ये जाते. वादळवाऱ्यात सुरूची फांदी तारेवर पडली की गावातली वीज जायची ती जातेच. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणारा क्षणही संगणक बंद पडायला पुरतो. आभासी डिस्कच्या कॅशची सेटिंगही तपासा. ‘अनसेफ’ निवडलं असेल तर मशीनने ‘हे आत्ताच डिस्कवर लिही’ म्हटलेलं सर्व्हर मनावर घेत नाही, आणि वीज गेली की तो मजकूर गेला.

वीज गेली तेव्हा बॅकअप चालू असेल, तर मशीनवर कुलूप राहून जातं आणि ‘लॉक्ड’ असा संदेश येतो. कुठलंही बॅकअपचं काम चालू नाही याची खात्री करून ‘क्यूएम अनलॉक’ आणि मशीनचा क्रमांक द्यायचा, एवढंच.

डिस्कचं प्रकरण किनाऱ्यावर वेगळं असतं. खाऱ्या हवेतलं मीठ धातूच्या जोडांवर बसतं, ओल धरून ठेवतं आणि जोड गंजतो. सर्व्हरमध्ये डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी वाचता येतात. साटा डिस्क असेल तर बहुतेक वेळा क्रमांक ५ आणि १९७ म्हणजे बाद झालेले आणि वाचता न येणारे भाग. हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. पण १९९ हा क्रमांक वाढत असेल, तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहिती बिघडते आहे. दोष बहुधा केबलचा किंवा गंजलेल्या जोडाचा. सर्व्हर पूर्ण बंद करून केबल बदला, जोडावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि आजचा आकडा लिहून ठेवा. तो पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे तो पुढे वाढतो का हेच बघायचं असतं. चांगली डिस्क फेकून नवी आणली आणि जुनीच केबल लावली, तर तोच त्रास परत येतो.

डिस्क धडधाकट असेल तर पुलाकडे वळा. प्रॉक्समॉक्सच्या नेहमीच्या मांडणीत थिन पूल असतो. चार खोल्यांच्या घराने सुट्टीच्या दिवसांसाठी सहा कुटुंबांना होकार द्यावा, तसं तो करतो: ५०० जीबीच्या पुलातून प्रत्येकी २०० जीबीच्या तीन डिस्क देतो, आणि जागा मात्र लिहिलं जाईल तशीच वापरतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग वाढत गेलं की पूल भरतो, मशीन जागच्या जागी थांबतं आणि त्याच्यापुढे ‘आयओ-एरर’ दिसतं. ‘एलव्हीएस’ या आज्ञेने डेटा आणि मेटा किती टक्के भरले आहेत ते कळतं. दोन्ही बघा, मेटा भरला तर पूल सावरणं अवघड होतं.

जागा मोकळी करताना मशीनच्या आतल्या फाइल पुसून भागत नाही. पूल कुठला भाग रिकामा झाला हे जाणत नाही. ते त्याला कळवावं लागतं. त्यासाठी आभासी डिस्कला ‘डिस्कार्ड’ चालू हवं आणि आत ‘एफएसट्रिम’ चालायला हवं. मशीन थांबलेलंच असेल तर आधी विसरलेले जुने स्नॅपशॉट काढा, ते बरीच जागा अडवून बसतात. जागा झाली की ‘रिझ्यूम’ करा, रीसेट नको.

थिन पुलाऐवजी झेडएफएस ही साठवणुकीची पद्धत वापरणाऱ्यांना एक मोठा आधार आहे. ते प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज, म्हणजे चेकसम, ठेवतं. ‘झेडपूल स्टेटस’मध्ये चेकसमच्या रकान्यात आकडे दिसले, तर पुन्हा केबलपासून सुरुवात करा. दोन डिस्कची जोडी असेल तर बिघडलेला तुकडा दुसरीवरून भरून निघतो. एकटी डिस्क चूक दाखवते, पण फाइलचा मजकूर परत देऊ शकत नाही.

एवढं सगळं नीट निघालं, तरच वरच्या फाइल सिस्टिमला हात लावा, आणि तोही आभासी डिस्कची प्रत काढून झाल्यावर. बॅकअप त्याच पेटीतल्या त्याच डिस्कवर असेल तर त्याचा उपयोग नाही. एक प्रत बोईसरला किंवा विरारला नातेवाइकांकडे ठेवा. पावसाळ्याआधी एखाद्या दुपारी एक बॅकअप नव्या क्रमांकावर उतरवा, नेटवर्क तोडून ते मशीन सुरू करा आणि आतले फोटो उघडतात का ते स्वतः बघा.