थेंब सांडला, रंग उडाला!

सोनपेठमध्ये स्वतःच्या अंगणात गाडी जॅकवर चढवून ब्रेकचं काम करायचं ठरवलंय? मग आधी ब्रेक ऑइलच्या या गमती वाचा. काम झाल्यावर सुरू होणारी गळती बऱ्याचदा घाईत काम केलेल्या हातांची असते आणि ती टाळणं अवघड नाही.

रंगाचा वैरी, पाण्याचा मित्र
नेहमीच्या डॉट 3, डॉट 4 ब्रेक ऑइलमध्ये खनिज तेल नसतं, ग्लायकोल प्रकारची रसायनं असतात. बॉनेटवर थेंब पडला तर रंग फुगतो, सोलून निघतो. पण हेच ऑइल पाण्यात विरघळतं. म्हणून पाण्याची बादली शेजारीच ठेवा. थेंब पडताच भरपूर पाणी ओता, फडक्याने घासू नका. आणि ऑइल कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नका. आतली रबरी सीलं फुगतात आणि सगळीकडून गळायला लागतं.

चामड्यामुळे गळत होतं!
1921च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. कल्पना माल्कम लॉकहीड यांची. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या विमान कंपनीच्या नावातलं लॉकहीड हे याच घराण्याचं नाव. सुरुवातीच्या या ब्रेकमध्ये चामड्याची सीलं होती आणि ती गळायची. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी चामडं काढून रबर बसवलं, तेव्हा कुठे 1924च्या गाडीत ब्रेक भरवशाचे झाले. रबराची ती छोटीशी वाटी आजही तेच काम करते.

काठीची कमाल
ही युक्ती मला सगळ्यात आवडते. होज पाइप सोडण्याआधी ब्रेकचं पेडल थोडं दाबा आणि सीटला काठी टेकवून तसंच ठेवा. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइलच्या टाकीकडचं भोक त्यामुळे बंद होतं आणि टाकीतलं ऑइल खाली वाहत नाही. पेडल दाबलेलं असल्याने मागचे लाल दिवे मात्र जळत राहतात, म्हणून बॅटरीची तार काढून ठेवा.

उलटी गंगा
नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला की ऑइल टाकीत परत चढतं. टाकी काठोकाठ असेल तर ते थेट इंजिनवर सांडतं! आधी थोडं काढून घ्या. झाकण उघडण्यापूर्वी त्यावरची काळ्या मातीची धूळ नीट पुसा.

तांब्याचा वॉशर
टायरमध्ये हवा साधारण 32 पीएसआय असते. ब्रेक जोरात दाबला की नळ्यांतला दाब 1000 पीएसआयच्या वर जातो. तो दाब कॅलिपरच्या सांध्यावर तांब्याचे चपटे वॉशर अडवतात. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा तसा बसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी नवेच घाला. हवा काढायच्या निपलला सैल पाना लावू नका, कडा झिजतात. कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा.

पावसाळ्यात डबा बंद
ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा 155वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. गेल्या वर्षीचा अर्धा डबा वापरू नका.

दाब... धर... सोड!
हवा काढायला दोघं हवेत. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पाय सोडायचा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. बुडबुडे दिसतात आणि जमिनीवर थेंब पडत नाही. टाकी मधेच रिकामी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

काम संपलं की पेडल जोरात दाबून धरा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला किंवा पेडल घट्ट लागलं नाही, तर गाडी फाटकाबाहेर काढू नका. मिस्त्रीला घरी बोलवा.