अष्टागरातील वाड्या आणि घडीची करवत

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळींच्या बागांची, आंब्या-फणसांच्या जुन्या झाडांची आणि विजेच्या खांबांची जी धूळधाण केली, तिचे पंचनामे सरकारी दप्तरात दाखल आहेत. परंतु आपल्याच अंगणातून रस्त्यापर्यंत वाट मोकळी करावयाची तर घरात कामाचे हत्यार कोणते, हा शोध त्या आठवड्यात कित्येक कुटुंबांना प्रथमच घ्यावा लागला, ही गोष्ट कोणत्याही दप्तरात नमूद होण्याचा संभव नाही. हमरस्त्यांवरील झाडे दूर करण्यास राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके यांत्रिक करवती घेऊन आली. वाडीतल्या बोळांत, पाटाच्या कडेला आणि घराच्या पडवीवर आडव्या झालेल्या फांद्या मात्र ज्याच्या त्यानेच तोडावयाच्या होत्या. कोयता घरोघर होता, कुऱ्हाडही बहुतेकांकडे होती. पण दाटीत अडकलेल्या फांदीवर कुऱ्हाड उगारावयास जागा नसते, आणि कोयत्याचे घाव बसू लागले की ती फांदी नुसती हिसके खाते, तुटत नाही.

मनगटापासून दंडापर्यंतच्या जाडीचे लाकूड हा कोयता आणि यांत्रिक करवत या दोहोंच्या मधला मुलूख असून तेथे खरा अंमल चालतो तो घडीच्या करवतीचा. मूठभर लांबीच्या दांड्यात पाते मिटवून ठेवता येते, दाते आत झाकले जातात, आणि खिशात किंवा कमरेच्या पिशवीत टाकून झाडावर चढता येते. दुकानात ‘फोल्डिंग सॉ’ म्हणून मागितली की दुकानदार चार-पाच नमुने पुढे टाकतो. त्यांतला कोणता उचलावा याचे उत्तर मुठीच्या रंगावर किंवा वेष्टनावरील चित्रावर अवलंबून नाही, ते आपल्या वाडीत झाडे कोणती आहेत यावर अवलंबून आहे.

प्रथम पाहावयाची ती दात्यांची दिशा. सुताराची नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते. म्हणून तिचे पाते जाड ठेवावे लागते, नाहीतर जोर पडताच ते लवेल. घडीच्या चांगल्या करवतीचे दाते बहुधा मुठीकडे झुकलेले असतात आणि ती आपल्याकडे ओढताना कापते. ओढताना पात्यावर ताण येतो, ताणलेले पाते वाकत नाही, आणि म्हणून ते पातळ ठेवता येते. पातळ पात्याला कमी लाकूड उडवावे लागते, सबब श्रमही कमी पडतात. जपानातील करवती पूर्वापार याच तत्त्वावर चालत आल्या आहेत, आणि ह्योगो प्रांतातील ओनो गावच्या सिल्की या घराण्याच्या घडीच्या करवती याच कारणाने जगभरचे बागाईतदार वापरतात. आपल्याकडचा नवशिका मात्र सुताराला पाहून शिकलेला असल्यामुळे पुढे जातानाही अंगाचा भार घालतो. मग पाते चिरेत अडकते, मध्यावर त्याला बाक येतो, आणि एकदा बाक आलेले पाते ठोकून सरळ केले तरी पूर्वीसारखे चालत नाही. ओढताना हलका जोर, परत नेताना मुळीच नाही, एवढा एकच नियम हाताला लागेपर्यंत करवतीला दोष देऊ नये.

दुसरी गोष्ट दात्यांच्या आकाराची. ओल्या, जिवंत लाकडाला मोठे आणि विरळ दाते हवेत, कारण ओला भुसा चिकट असतो आणि बारीक दात्यांच्या फटी तो क्षणात बुजवून टाकतो. वाळलेल्या कठीण लाकडाला, विशेषतः समुद्रकाठच्या सुरूला, त्याहून बारीक दाते बरे. स्वीडनच्या बाहको कंपनीची लॅपलँडर ही सुमारे १९ सेंटिमीटर पात्याची करवत इंचाला सात दाते ठेवून या दोन गरजांचा मध्य साधते; भटक्यांमध्ये ती लोकप्रिय होण्याचे कारण हेच असावे. अलीकडच्या बहुतेक पात्यांच्या दात्यांची टोके काळपट-निळसर दिसतात. तो डाग नव्हे, विद्युत्-उष्णतेने दिलेल्या कडकपणाची ती खूण होय. असे दाते फार दिवस धार धरतात. मात्र त्यांवर कानस चालत नाही. धार गेली की पाते बदलणे हाच उपाय. ज्याला त्रिकोणी कानस घेऊन पावसाळ्याच्या दुपारी पडवीत दाते घासत बसण्याची हौस आहे त्याने साध्या पोलादाचे पाते घ्यावे. इतरांनी कडक दात्यांचे पाते घेऊन त्याचे बदली पाते कोठे मिळते याची चौकशी आधीच करून ठेवावी.

लांबीचा हिशेब सोपा आहे. ज्या जाडीची फांदी कापावयाची तिच्या निदान दुप्पट पाते असावे, म्हणजे ओढीला जागा राहते आणि भुसा बाहेर पडतो. १७ सेंटिमीटरच्या पात्याने आठ सेंटिमीटरची फांदी निघेल, २४ सेंटिमीटरच्या पात्याने बारांची. त्यापुढचे काम घडीच्या करवतीकडून करून घेणे म्हणजे तिच्यावर आणि आपल्या खांद्यावर सारखाच अन्याय. पाते सरळ असावे की वक्र, हा वाद मी डोक्यावर हात करून कापणाऱ्याच्या बाजूने तोडीन: वक्र पाते ओढताना आपणच लाकडात घुसते, त्यामुळे उंच फांदीसाठी ते बरे, कमरेच्या उंचीवर, नजरेसमोर, नेमका छेद घ्यावयाचा असेल तर सरळ पात्याला तोड नाही.

आता अलिबागची, म्हणजे या अष्टागराची, खास अडचण. समुद्राची खारी हवा आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, या दोहोंच्या तावडीत सापडलेले उघडे पोलाद एका चातुर्मासातच तांबडे होते. म्हणून क्रोमचा मुलामा दिलेले किंवा गंजरोधक लेप असलेले पाते पसंत करावे. मुठीच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. फ्रान्सच्या ओपिनेलची बीच लाकडाची मूठ दिसावयास देखणी आणि हाताला सुखद खरी, पण लाकूड दमट हवेत फुगते आणि फुगलेल्या खाचेतून पाते निघता निघत नाही. पठारावरच्या कोरड्या गावी ती शोभेल, आक्षी-नागावच्या श्रावणात नव्हे. रबराचे आवरण असलेली, आत पाणी साचून न राहणारी आणि दोरी ओवण्यास टोकाला भोक असलेली मूठ घ्यावी. उंचावर ही दोरी मनगटात अडकविली म्हणजे हातातून सुटलेली करवत खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर जात नाही.

काम संपल्यावर आंब्या-फणसाचा चीक पात्यावर तसाच राहू देणे ही सर्रास आढळणारी हयगय होय. फणस फोडण्यापूर्वी हाताला आणि विळीला खोबरेल चोपडण्याची चाल घराघरात आहे. तीच तजवीज पात्याला केली तर चीक धरत नाही, आणि नंतर चिंधीने पुसून पुन्हा तेलाचा हात फिरविला की गंजाचाही बंदोबस्त होतो. खिटीत अडकलेला भुसा जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने काढावा, कारण उघडलेले पाते पक्के धरून ठेवणारी खिटी नीट बसली नाही तर ते बोटांवर मिटते. विकत घेतानाच पाते उघडून, खिटी लावून, आडवे-उभे हलवून पाहावे. सांध्यात खडखड असेल तर ती करवत परत ठेवावी, मग सवलत कितीही असो.

माडाला घडीच्या करवतीचा फारसा उपयोग नाही, हे येथेच सांगून टाकतो. माडाला फांद्या नाहीत, सुकलेल्या झावळ्या कोयत्याने सहज उतरतात, आणि खोड म्हणावे तर बाहेरून कठीण धाग्यांचे कवच व आत भुसभुशीत गाभा अशी त्याची घडण असल्यामुळे ते धागे दात्यांत गुंततात. पोफळीचे बारीक खोड मोठ्या दात्यांच्या लांब पात्याने निघते, पण दात्यांची धार लवकर जाते. या करवतीचे खरे क्षेत्र आंबा, काजू, जांभूळ, चिकू, रातांबा. आणि त्यातही ज्या एका कामासाठी ती प्रत्येक आंबेवाल्याकडे असावी असे मला वाटते, ते म्हणजे बांडगूळ काढणे.

फुलटोच्यासारखे लहानसे पक्षी बांडगुळाची फळे खातात आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतात; ते तेथेच रुजते, त्याची मुळे आंब्याच्या सालीखाली शिरतात, आणि काही वर्षांत त्या फांदीचे पुढचे टोक वाळून मधला झुबका तेवढा हिरवागार दिसू लागतो. कोयत्याने तो झुबका छाटला की काम झाले असे गड्याला वाटते. प्रत्यक्षात आत राहिलेल्या मुळांतून तो पुन्हा फुटतो. फांदीच कापावी लागते, आणि तीही गाठीच्या पलीकडे, खोडाच्या बाजूस निरोगी लाकूड लागेपर्यंत मागे सरून. बांडगुळाला फळे धरण्यापूर्वी हे उरकावे, नाहीतर पाखरांनी पुढची पेरणी केलेली असते.

कापण्याची रीतही नीट समजून घ्यावी. वरून एकदम कापावयास लागले तर फांदी अर्ध्यावर आपल्याच भाराने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर प्रथम खालच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत छेद द्यावा. मग त्याच्या किंचित पुढे वरून कापावे, म्हणजे फांदी सालीसकट न फाटता खाली येते. आणि उरलेला खुंट शेवटी सावकाश काढावा. फांदी खोडाला मिळते तेथे सालीची एक फुगीर कडी असते. झाड जखम भरून काढते ते या कडीतूनच, म्हणून छेद कडीच्या बाहेर लागून घ्यावा, तिच्यावर नव्हे. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हा मुद्दा सिद्ध करीपर्यंत खोडाशी सपाट छाटणी हीच जगभर सुबक मानली जात असे. कोयत्याच्या घावाने चिंधडलेल्या जखमेत पाणी मुरते, बुरशी धरते आणि भिरुडाला आयते घर मिळते. करवतीचा गुळगुळीत छेद लवकर सुकतो. त्यावर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. जुन्या आमरायांची छाटणी करून त्यांचे पुनरुज्जीवन करण्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुष्कळ काम केले आहे. मोठी झाडे खाली आणावयाची असतील तर तेथील सल्ला घ्यावा.

वादळात पडलेल्या लाकडाचे गणित मात्र निराळे. दोन्ही टोकांना टेकलेल्या फांदीची वरची बाजू दाबली जात असते आणि खालची ताणलेली असते. वरून कापीत गेल्यास चीर मिटते आणि पाते आत चिमटून बसते. अशा वेळी वरून थोडे कापावे आणि उरलेले खालून. एक टोक अधांतरी असेल तर याच्या नेमके उलट. उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांच्या खड्ड्यात मुलांना मुळीच खेळू देऊ नये, कारण खोडाचा भार कापून निघताच मुळांचा गड्डा उसळून पुन्हा खड्ड्यात बसू शकतो.

कोठे कापू नये हेही हत्याराबरोबर कळले पाहिजे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करीत होते, आणि पावसाळ्यात शिंदीच्या शेंड्याला ती घरटी आजही लोंबतात. त्या दिवसांत फांद्यांना हात लावण्यापूर्वी वर पाहावे. समुद्रकाठी तंबू ठोकून शेकोटी करणाऱ्यांनी सुरूच्या जिवंत फांद्यांवर करवतीची परीक्षा घेऊ नये. ती बने वाऱ्याला आणि वाळूला अडविण्यासाठी लावलेली आहेत. फणसाडच्या अभयारण्यात वाळकी काटकीही आपली नव्हे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, साग ही झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यास १९६४ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

अलिबागच्या वाडीसाठी एकच करवत घ्यावयाची झाली तर २४ सेंटिमीटरच्या आसपासचे, ओढून कापणारे, मोठ्या दात्यांचे, मुलामा दिलेले पाते आणि रबरी मूठ अशी मी घेईन. परदेशी बनावटीची किंमत परवडत नसेल तर लुधियानाच्या फाल्कनसारख्या देशी कारखान्यांच्या करवती घरगुती छाटणीस पुरतात. खरेदी मे महिन्यात, पावसापूर्वी उरकावी, आणि पैसे देण्याआधी त्याच मापाचे सुटे पाते दुकानात आहे का ते विचारावे. नसेल तर दुसरी करवत पाहावी.